माथ्यावरचे रान

मुंबईहून लाँचने मांडव्याच्या धक्क्यास लागणाऱ्या उतारूला आग्नेयेकडे कनकेश्वराचा हिरवा डोंगर दिसतो. देवाचा डोंगर म्हणून तेथील झाडी बरीच राखली गेली. ह्या डोंगराची उंची सुमारे ३८० मीटर. खरी उंच राने पाहावयाची तर पूर्वेस सह्याद्रीच्या माथ्यावर गेले पाहिजे. किनाऱ्यावरच्या माणसाला त्यांच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. मांडव्याच्या शेजारी रेवसपाशी धरमतरची खाडी समुद्रास मिळते आणि त्या खाडीत पाताळगंगा व अंबा ह्या नद्या डोंगरातले पाणी आणून ओततात. पावसाळ्यात खाडीला जो तांबूस गढूळपणा येतो, त्यात डोंगराच्या मातीचा वाटा असतो. तेव्हा माथ्यावरच्या रानाची हकीकत मांडव्यासही परकी नव्हे.

माथेरान, भीमाशंकर व महाबळेश्वर ही ह्या रानांची प्रसिद्ध ठिकाणे होत. माथेरान सुमारे ८०० मीटर उंच आहे, तर महाबळेश्वराचा सर्वांत उंच कडा १,४३८ मीटरवर आहे. येथील मुख्य झाडे तीन: अंजनी, जांभूळ आणि पिसा. त्यांच्या सोबतीला हिरडा, गेळा व करवंदीच्या जाळ्या असतात. ह्यांतली मुख्य झाडे बारमाही हिरवी. परंतु कोकणातल्या खोल दरीतल्या वृक्षांप्रमाणे ती उंच वाढत नाहीत. माथ्यावरचा सोसाट्याचा वारा आणि जांभ्या दगडावरील मातीचा पातळ थर ह्यांमुळे ती ठेंगणी व वेडीवाकडी होतात. अंजनीचे पान जाड व तुकतुकीत असते, ते ह्याच वाऱ्याला व उन्हाळ्याला तोंड देण्यासाठी.

महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस थोड्याच अंतरावरील वाईस त्याचा लहानसा अंशच मिळतो. एवढा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे आठ महिने कोरडे जातात. ह्या दोहोंमधला दुवा म्हणजे हे रान. पावसाच्या थेंबाचा मारा पाने झेलतात, पाचोळा पाणी शोषून घेतो, मुळे माती धरून ठेवतात. आणि जिरलेले पाणी झऱ्यांच्या वाटे सावकाश खाली उतरते. धुक्याचे कण पानांवर साचून ठिबकतात, ती मिळकत वेगळीच. भीमाशंकरचे शेकरूही ह्याच झाडांच्या शेंड्यांवरून फिरते. फांद्यांची सलगता तुटली की त्याचा मार्ग तुटतो. त्याच्या रक्षणासाठी तेथे १९८५ साली अभयारण्य करण्यात आले.

आता ह्या रानांचा ऱ्हास कसा होतो ते पाहू. जळण, कोळशाच्या भट्ट्या आणि भातनाचणीच्या राबासाठी तोडलेले टहाळे ही जुनी कारणे होत. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट ह्यांनी माथेरान साहेबलोकांच्या नजरेस आणले आणि १९०७ साली आगगाडी वर पोचली. तेव्हापासून हवा खाण्यास येणाऱ्यांच्या वर्दळीने मोकळ्या झालेल्या लाल वाटा दर पावसाळ्यात धुपत आहेत. महाबळेश्वराकडे शेती व हॉटेले ह्यांनी रानाचे तुकडे केले. तुकडा लहान झाला की त्याच्या कडेने ऊन व वारा आत शिरतात आणि आतली ओल आटते. मग गवत माजते, गवतामागून वणवा येतो.

ह्याहून कठीण गोष्ट अशी की, गेलेले हे रान आपोआप परतत नाही. जांभळाचे बी सुकले की थोड्याच दिवसांत निकामी होते. ते वर्षानुवर्षे मातीत वाट पाहत राहत नाही. रोपांना लहानपणी थोरांची सावली लागते, आणि बी दूर नेण्यास पक्षी लागतात. सावली गेली, पक्षी गेले, माती वाहून खालचा जांभा उघडा पडला, म्हणजे तेथे कारवी व गवत एवढेच तग धरतात. हिरवेपणा दिसतो खरा. पण ते पहिले रान नव्हे.

डोंगरमाथ्याच्या रानांचे हे दुबळेपण जगभर आढळते. अमेरिकेच्या ॲपलाचियन पर्वतात, सुमारे दीड हजार मीटरच्या वर, फ्रेझर फर नावाचा सूचिपर्णी वृक्ष वाढतो. हिमयुगानंतर हवा उबदार होत गेली तसतशी ही झाडे वर सरकली व शिखरांवर बेटांप्रमाणे अडकून राहिली. युरोपातून आलेली एक बारीक कीड १९५७ साली मिचेल शिखरावर आढळली आणि पुढील काही दशकांत बहुतेक जुनी झाडे वठून गेली. तेथे शत्रू कीड होती, येथे कुऱ्हाड व वणवा आहे. परंतु अडचण एकच. खालचे रान तापले तर वर सरकू शकते, माथ्यावरच्याला वर जागाच नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री ह्याच रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी दरडीखाली गेली. अशा अनर्थाचा सारा दोष वृक्षतोडीवर ठेवणे शास्त्रास धरून होणार नाही. अतिवृष्टी व उताराची घडण हीही कारणे असतात. तथापि मुळांची पकड सुटलेली माती अधिक सहज सुटते, हे निर्विवाद आहे.

उपाय अजून हाती आहेत. २००१ साली महाबळेश्वर–पाचगणी व २००३ साली माथेरान हे प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाले. त्या नियमांचे पालन व्हावे. वणवा रोखावा, उरलेल्या तुकड्यांच्या कडेने अंजनी, जांभूळ, पिसा ह्यांचीच रोपे सावलीच्या आश्रयाने लावावीत. परदेशी झाडे भराभर वाढतात म्हणून ती लावून समाधान मानू नये. उभे रान राखणे हे नवे लावण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. कनकेश्वराच्या परिसरात ते कोणत्याही शास्त्राच्या पोथीवाचून लोकांनी करून दाखविले आहे. पुढच्या पावसाळ्यात खाडीचे पाणी तांबडे झालेले दिसेल, तेव्हा मांडवेकरांनी ते कोठून आले ह्याचा क्षणभर विचार करावा.