बालगीताला पियानोच लागतो का? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पियानो असलेलं घर शोधावं लागेल. पेटी मात्र शोधावी लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) गावोगावी सामुदायिक भजन रुजवलं आणि मोझरीच्या गुरुकुंजाशी जोडलेल्या भजन मंडळांत खंजेरीच्या जोडीला पेटी आली. आता वाढदिवसाला लेकरांना कीबोर्ड मिळू लागला आहे. पण पहिल्याच बालगीताशी बरीच घरं अडतात. अडचण लेकराच्या बोटांत नसते, मोठ्यांनी आधीच धरलेल्या समजुतींत असते.

गैरसमज १ : “पोट्ट्याले शिकवाचं हाय, पण पियानो घेतल्याबिगर कसं जमन?”

वस्तुस्थिती : पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पण त्यात नवं काही नसतं. सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशी बारा पट्ट्यांची एकच रचना पुन्हा पुन्हा येते. पेटीवर आणि ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवरही तीच रचना आहे. बहुतेक बालगीतं एका सप्तकातच मावतात, त्यामुळे गाण्याच्या सुरांची जागा तिन्ही वाद्यांवर सारखीच शिकता येते.

फरक आवाज निघण्यात आहे. पियानोची पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते. स्वर लगेच उमटतो आणि हळूहळू विरतो. पट्टी जोरात दाबली तर आवाज मोठा, अलगद दाबली तर लहान. पेटीत हे काम भात्याचं, आणि भाता डाव्या हाताने चालवतात. हवा मिळते तोवर स्वर टिकतो. म्हणून पेटीवर तयार झालेल्या मुलाचा डावा हात पट्ट्यांना नवखा असतो, आणि बोटांच्या दाबाने आवाज बदलायची सवयही त्याला नसते. कीबोर्ड घ्यायचाच असेल तर दाबानुसार आवाज बदलणारा आणि पूर्ण रुंदीच्या पट्ट्यांचा घ्यावा. खेळण्यातल्या अरुंद पट्ट्यांवर हाताला चुकीचं अंतर बसतं.

खऱ्या पियानोला आपली हवाही मानवत नाही. त्यात सव्वादोनशेच्या आसपास ताणलेल्या तारा आणि लाकडी ध्वनिफलक असतो. मे महिन्यातली कोरडी होरपळ आणि जुलैतला दमटपणा यांत लाकूड आकसतं-फुगतं आणि स्वर उतरतात-चढतात. कीबोर्डला ही भानगड नाही.

गैरसमज २ : “पांढऱ्या पट्ट्या शुद्ध स्वरांच्या, काळ्या कोमल स्वरांच्या.”

वस्तुस्थिती : ‘पांढरी एक’ला, म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीलगत डावीकडच्या पांढऱ्या पट्टीला, सा धरला तरच हे बरंचसं खरं; तिथेही एक काळी पट्टी कोमल नव्हे, तीव्र म ची असते. सा कुठेही धरता येतो. महत्त्वाचं असतं ते दोन स्वरांमधलं अंतर. ‘काळी एक’ला सा धरा. मग शुद्ध रे ‘काळी दोन’वर येतो, ग ‘पांढरी चार’वर, म ‘काळी तीन’वर, प ‘काळी चार’वर, ध ‘काळी पाच’वर आणि नी वरच्या ‘पांढरी एक’वर. पाचही काळ्या पट्ट्या लागल्या, तरी एकही स्वर कोमल नाही.

याचा लेकरांना एक मोठा फायदा आहे. ‘काळी तीन’ला सा धरून फक्त काळ्या पट्ट्या वर वाजवत जा. सा, रे, ग, प, ध हे भूप रागाचे पाच स्वर मिळतात. म आणि नी नसल्यामुळे कानाला खटकणारी जागाच उरत नाही. पहिल्या दिवशी मनाला येईल तसं वाजवायला याहून चांगली जागा नाही.

गैरसमज ३ : “ट्विंकल ट्विंकल सगळ्यात सोपं, ते मोझार्टनं लहानपणी रचलं.”

वस्तुस्थिती : ती चाल मोझार्टची नाही. फ्रान्समध्ये ती १७६१ मध्ये छापली गेली, तेव्हा मोझार्ट पाच वर्षांचा होता. पुढे पंचविशीच्या आसपास त्याने त्या चालीवर पियानोसाठी बारा रूपं रचली, आणि नाव त्याला चिकटलं. इंग्रजी शब्द जेन टेलर यांच्या १८०६ मधल्या कवितेचे.

चाल सहाच स्वरांची आहे. नी लागतच नाही. तरी ती पहिल्या धड्याला अगदी सोपी नव्हे. सुरुवातीलाच सा वरून थेट प वर उडी आहे. पाच बोटं सा ते प वर ठेवली की ध ला बोट उरत नाही. त्यावर उपाय असा : उडी मारताना प वर करंगळीऐवजी चौथं बोट टाकायचं, म्हणजे ध करंगळीला मिळतो, उतरताना हात पुन्हा मूळ जागी आणायचा.

पहिलं गाणं निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : स्वर थोडे असावेत, ते शेजारशेजारचे असावेत आणि ओळी पुन्हा पुन्हा याव्यात. वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत म्हटल्या जाणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांत या तिन्ही गोष्टी बऱ्याचदा सापडतात. शिवाय ती आजीला येतात, म्हणजे चूक दाखवणारं माणूस घरातच असतं.

गैरसमज ४ : “आधी नोटेशन वाचता आलं पाहिजे.”

वस्तुस्थिती : आधी गाणं गळ्यात यावं लागतं. जी ओळ न अडखळता म्हणता येते, ती बोटं शोधून काढतात. लिहून ठेवायला भातखंडे पद्धत पुरे : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. पाच रेघांची पाश्चात्त्य पद्धत पुढे दोन्ही हातांचं वेगवेगळं वाजवायचं असेल तेव्हा शिकावी.

गैरसमज ५ : “दोन्ही हात पहिल्या दिवसापासून चालले पाहिजेत.”

वस्तुस्थिती : आधी उजवा हात एकटा, मग डावा एकटा. डाव्याला सुरुवातीला एकच काम द्यावं : प्रत्येक आवर्तनाच्या समेवर सा दाबणं. बोटांचे आकडे दोन्ही हातांत अंगठ्यापासून सुरू होतात, म्हणून खालचा सा उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली, तर डाव्याच्या पाचव्या बोटाखाली येतो. मुलं इथे हमखास गोंधळतात.

गैरसमज ६ : “चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.”

वस्तुस्थिती : अशाने पहिली ओळ पाठ होते आणि शेवटची कच्चीच राहते. जिथे चुकलं तिथले तीन-चार स्वर वेगळे काढावेत, निम्म्या लयीत घोटावेत, मग आधीच्या स्वराला जोडावेत. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं अधिक पक्की बसतात.

गैरसमज ७ : “गळ्यातलं सगळं पट्टीवर जसंच्या तसं येतं.”

वस्तुस्थिती : नाही येत. ‘देवबाप्पा’ (१९५३) मधलं ‘नाच रे मोरा’ घ्या. शब्द गदिमांचे, आवाज आशा भोसले यांचा आणि संगीत पु. ल. देशपांडे यांचं, जे स्वतः पेटीवर हात असलेले. तरीही गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, ती मींड पट्टीवर निघत नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मधे स्वरच नाही. याच तक्रारीमुळे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. लेकराचं वाजवणं रेकॉर्डसारखं वाटत नाही म्हणून त्याला टोकू नये. स्वर आणि ताल बरोबर असले की बालगीत आलं असं समजावं.

तेव्हा दुकानात जाण्याआधी लेकराला एक गाणं नीट म्हणता येऊ द्या आणि भजन मंडळातल्या पेटीवाल्या काकांकडे न्या. लेकराच्या गळ्याला कोणती पट्टी सोयीची, ‘काळी एक’ की ‘पांढरी चार’, ते काका लगेच सांगतील. कीबोर्ड त्यानंतर घेतला तरी उशीर होत नाही.