प्रतिकृतीवरील काळी-पांढरी रेषा

१९६९ च्या जुलैमध्ये अपोलो-११ ला घेऊन चंद्राकडे झेपावलेल्या सॅटर्न-५ अग्निबाणावरील काळे-पांढरे पट्टे केवळ शोभेचे असावेत, असे श्रोत्यांपैकी अनेकांना वाटत असेल. वस्तुतः अग्निबाण स्वतःभोवती किती फिरतो, हे दुरून टिपता यावे म्हणून ते रंगविलेले होते. प्रतिकृतीवर त्यांची कड फुटली, तर त्या खुणेचा अर्थच पुसट होतो.

प्रतिकृतीचे अंग बहुधा कागदी नळीचे आणि पंख बाल्सा लाकडाचे असतात. लाकडाची रंध्रे लांबी भरून बुजवावीत, काचकागदाने घासून अस्तर द्यावे आणि प्रथम पांढरा रंग लावावा. कारण पांढऱ्यावर काळा सहज झाकतो, काळ्यावर पांढरा झाकत नाही. तो पुरता वाळल्यावर चिकटपट्टी लावून तिची कड नखाने दाबावी.

तरीही पट्टीखाली सूक्ष्म फटी राहतातच. म्हणून काळ्यापूर्वी त्या कडेवर पांढऱ्याचाच एक विरळ हात द्यावा. जे झिरपायचे ते पांढरेच झिरपते. ते दिसत नाही आणि फट मात्र बुजते. मग काळ्याचे पातळ हात द्यावेत आणि रंग कडक होण्यापूर्वी पट्टी मागे दुमडून सावकाश ओढावी.

रंगालाही वजन असते. स्पेस शटलची बाह्य टाकी १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी होती. १९८२ पासून ती न रंगविल्याने सुमारे २७० किलो भार वाचला. उडणाऱ्या प्रतिकृतीलाही हाच न्याय लागू आहे. जाड थरांनी दोष झाकण्यापेक्षा फट आधीच बुजविणे श्रेयस्कर.