चुकलेल्या चालकाची परतवाट

अमेरिकेत मेरीलंड राज्यातील चेझ येथे जानेवारी १९८७ मध्ये गांजा ओढलेल्या इंजिनचालकाने थांबण्याचा सिग्नल ओलांडला. रेल्वेच्या त्या अपघातात १६ माणसे दगावली. पुढे १९९१ च्या कायद्याने वाहतुकीतील जोखमीच्या कामगारांची नशातपासणी सक्तीची झाली. दोषी ठरणाऱ्यास तत्काळ कामावरून दूर केले जाते. परंतु परतीचे दार बंद होत नाही. व्यसनतज्ज्ञ त्यास उपचार वा शिक्षण नेमून देतो व ते पार पडल्याची खातरजमा करतो. त्यानंतरची चाचणी निर्दोष ठरली, तरच तो कामास पात्र होतो. पहिल्या बारा महिन्यांत निदान सहा चाचण्या अवचित होतात. ही देखरेख पाच वर्षांपर्यंत चालू शकते. मालकाने त्याला परत घ्यावेच, असे बंधन मात्र हे नियम घालीत नाहीत. ज्याच्या हाती प्रवाशांचे प्राण, त्याचा संयम पारखून घ्यावा आणि तो सिद्ध करण्याची संधीही त्यास द्यावी, असा हा दुहेरी न्याय आहे.