बिल कोण भरणार, बॉस?

ऑक्टोबर २०१२. मुंबईत हॉर्निमन सर्कलला स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं आणि बाहेर ही भलीमोठी रांग लागली. शंभर-दीडशे रुपयांच्या कपासाठी लोक तासभर उभे राहिले. ब्रँड म्हणजे ब्रँड!

नेमक्या त्याच आठवड्यात लंडनमध्ये याच ब्रँडची वेगळीच चर्चा चालू होती. रॉयटर्सनं एक हिशोब छापला होता. स्टारबक्सनं ब्रिटनमध्ये १४ वर्षांत साधारण ३०० कोटी पौंडांची विक्री केली आणि कंपनी कर भरला फक्त ८६ लाख पौंड. कारण काय, तर कागदावर कंपनी जवळपास दरवर्षी तोट्यात!

आता तुम्ही म्हणाल, लंडनच्या कॉफीचं आपल्याला काय? थांबा. ही गोष्ट कॉफीची नाहीच. तुमच्या सॅलरी स्लिपवर ‘टीडीएस’ नावाची जी ओळ असते ना, तिची आहे.

चोरी नव्हे, वाट काढणं

आधी एक फरक. उत्पन्न लपवणं ही करचोरी, तो गुन्हा. कायद्यातली फट शोधून कर कमी करणं ही करटाळणी, आणि ती कायद्यात बसते. मार्च महिन्यात धावपळ करून आपणही पीपीएफमध्ये पैसे टाकतोच की! मग मोठ्या कंपन्यांनी केलं तर बिघडलं कुठे?

फरक असा की पीपीएफची सवलत सरकारनं स्वतःहून दिली आहे. तुम्ही पैसे साठवावेत ही सरकारचीच इच्छा. स्टारबक्सची वाट वेगळी होती. ब्रँड वापरण्याची ६ टक्के रॉयल्टी जायची ॲमस्टरडॅमच्या कंपनीला. कॉफीच्या बिया खरेदी व्हायच्या स्वित्झर्लंडच्या कंपनीमार्फत, तिचा नफा वर लावून. शिवाय ग्रुपमधूनच घेतलेल्या कर्जावर व्याज. सगळ्या कंपन्या एकाच घरातल्या. या खिशातून काढायचं, त्या खिशात ठेवायचं. लंडनच्या खिशात उरला तोटा.

नोकरदाराला ही सोय आहे? पगार हातात यायच्या आधीच कर कापलेला असतो. ब्रिटनमध्येही तेच. आपला पगार काही आपण स्वित्झर्लंडमार्गे घेऊ शकत नाही.

हॉजबाईंचा वर्ग

१२ नोव्हेंबर २०१२. ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीसमोर तीन कंपन्यांचे अधिकारी बसले होते : स्टारबक्स, ॲमेझॉन आणि गूगल. अध्यक्षस्थानी मजूर पक्षाच्या खासदार मार्गारेट हॉज. दीडशे वर्षांच्या या समितीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. कॅमेरे चालू.

हॉजबाईंची पद्धत सोपी होती. कर-वकिलाच्या भाषेत बोलायचंच नाही. शेजारच्या काकू विचारतील तसे प्रश्न. इतकी वर्षं तोट्यात आहात, तरी नवी दुकानं उघडताय, हे कसं पटावं? इंग्लंडच्या गोदामातून इंग्लंडच्या घरात पुस्तक गेलं, मग बिल लक्झेंबर्गचं का? ॲमेझॉनच्या अधिकाऱ्याकडे इतक्या प्रश्नांची उत्तरं नव्हती की बाई उखडल्याच. गूगलच्या साहेबांना त्या म्हणाल्या, तुम्ही बेकायदा वागलात असा आमचा आरोप नाही, अनैतिक वागलात असा आहे.

खरी झाडाझडती सरकारची

या सुनावणीच्या क्लिप्स गाजल्या. पण समितीचं मूळ काम कंपन्यांना रागावणं नाही, सरकारी खर्च आणि वसुलीचा जाब विचारणं आहे. हॉजबाईंनी तो आधीच सुरू केला होता.

२०११ मध्ये समितीनं एचएमआरसी, म्हणजे तिथल्या कर खात्याला धारेवर धरलं. गोल्डमन सॅक्स या बँकेशी तडजोड करताना कोट्यवधी पौंडांचं व्याज सुटलं कसं? अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर : करदात्याची माहिती गोपनीय असते. शेवटी समितीनं खात्याच्या वकिलाला शपथ घ्यायला लावली. तिथे हे सहसा घडत नाही. पुढे २०१२ मध्ये सरकारी हिशोब तपासनीसांनी बड्या कंपन्यांशी झालेल्या अशा तडजोडी पाहिल्या. रकमा वाजवी होत्या, पण कामाच्या पद्धतीत दोष होते, असं त्यांनी म्हटलं.

मग पाळी आली चार बड्या अकाउंटिंग फर्म्सची. त्यांची माणसं सरकारला कायदा लिहायला मदत करतात आणि परत जाऊन त्याच कायद्यातल्या वाटा क्लायंटला दाखवतात, असं समितीनं एप्रिल २०१३ च्या अहवालात सुनावलं.

हे सगळं कधी चाललं होतं? ब्रिटनचं सरकार तुटीमुळे खर्च कापत होतं तेव्हा. जानेवारी २०११ मध्ये व्हॅट साडेसतरावरून २० टक्के झाला होता, म्हणजे प्रत्येकाच्या बिलावर. दुसरीकडे कंपनी कराचा दर खाली येत होता. तिजोरीत खड्डा असेल तर तो कुणीतरी भरतोच. ज्याला पळता येत नाही, तो भरतो.

पण बाईंचं काय?

प्रश्न बाईंनाही विचारले गेले. त्यांच्या वडिलांनी काढलेल्या पोलाद व्यापाराच्या कंपनीत त्यांचे शेअर्स होते. उलाढालीच्या मानानं त्या कंपनीचा करही किरकोळच, अशी बातमी त्याच महिन्यात झळकली. कारभाराशी आपला संबंध नाही आणि कंपनी कर टाळत नाही, असं त्यांनी सांगितलं.

मुद्दा घेण्यासारखा आहे. कर विक्रीवर नसतो, नफ्यावर असतो. त्यामुळे ‘एवढी विक्री, एवढाच कर’ हा पुरावा नव्हे. पण नफा खरंच झाला नाही की दुसरीकडे नेला, हे विचारायला तर हवं ना?

विचारल्यानं काय झालं?

डिसेंबर २०१२ मध्ये स्टारबक्सनं पुढची दोन वर्षं १-१ कोटी पौंड भरायची तयारी दाखवली. जणू कर म्हणजे देणगीच! २०१५ मध्ये ब्रिटननं बाहेर वळवलेल्या नफ्यावर २५ टक्के कर आणला. भारतानं २०१६ मध्ये परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के आकार लावला आणि एप्रिल २०२५ पासून तो काढूनही टाकला. २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी मोठ्या कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कर ठरवला. जून २०२५ मध्ये मात्र जी-७ देशांनी अमेरिकन कंपन्यांना त्याच्या मुख्य नियमांतून वगळायला होकार दिला. थोडक्यात, मॅच अजून चालू आहे.

लोकलेखा समिती आपल्याकडेही आहे बरं का. १९२१ पासून. लोकसभेचे १५, राज्यसभेचे ७ खासदार, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा. ‘कॅग’चे अहवाल हातात घेऊन ती अधिकाऱ्यांना बोलावते. फक्त एक फरक आहे. आपल्या समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. आपल्याला दिसतो तो नंतरचा जाडजूड अहवाल. लंडनमधल्या त्या दुपारी अधिकारी घाम पुसत होते, कारण दार उघडं होतं.

पुढच्या वेळी खासदार मतं मागायला सोसायटीत आले, तर पाण्याचं आणि पार्किंगचं विचाराच. सोबत हेही विचारा : साहेब, आमचा कर तर पगाराआधीच कापला जातो. बाकीच्यांचा कुठे जातो, हे तुम्ही कधी विचारलंत का?