नेमबाजाचा कान

नवी मुंबईला लागून असलेल्या पनवेलमध्ये, २००४च्या अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबमुळे, अनेक मुले दहा मीटर एअर रायफलपासून नेमबाजीला सुरुवात करतात. या रायफलमध्ये दारू नसते. साडेचार मिलिमीटरचा छर्रा दाबलेल्या हवेने सुटतो आणि त्याचा आवाज कानाला सहसा सोसतो. मात्र नेमबाज पन्नास मीटरच्या ‘पॉइंट टू-टू’ रायफलकडे वळला की जळत्या दारूचा वायू नळीच्या तोंडाशी एकदम फैलावतो आणि कानाजवळ सुमारे १४० डेसिबलचा, म्हणजे एकाच बारात इजा होऊ शकेल अशा मर्यादेपाशी पोचणारा, दाब निर्माण होतो. आखूड नळीच्या पिस्तुलाचा तर त्याहून अधिक.

मोठ्या आवाजाने मध्यकर्णातील स्नायू आवळले जातात खरे, पण त्याला काही दशांश-शतांश सेकंद लागतात आणि बाराचा धक्का त्याआधीच कर्णशंखातील केशपेशींवर, म्हणजे ध्वनिकंपनांचे मज्जासंदेशांत रूपांतर करणाऱ्या पेशींवर, आदळून गेलेला असतो. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. ऱ्हास बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सुरू होत असल्याने बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात, आणि समोरचाच पुटपुटतो असे वाटून वर्षे जातात. उजव्या खांद्यावरून रायफल चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला. म्हणून डावा कान सहसा आधी खालावतो. सरावानंतर कानात दडे बसतात, दुसऱ्या दिवशी कान मोकळे होतात, आणि हीच सुटका सर्वांत फसवी आहे: श्रवणक्षमता पूर्ववत दिसत असतानाही केशपेशी आणि मज्जातंतू यांमधील जोडण्या कायमच्या तुटलेल्या असू शकतात, हे २००९मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले.

कान वाचवण्यासाठी फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून तो खोल सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. अर्धवट खोचलेला बोळा फारसे संरक्षण देत नाही. इअरमफची कड चष्म्याच्या दांडीने उचलली जाते, गाल टेकताना रायफलच्या दस्त्यालाही लागते. बंदिस्त रेंजमध्ये भिंतींवरून परतणारा आवाज शेजारच्या लेनवरील नेमबाजालाच नव्हे, तर मागे उभ्या प्रशिक्षकालाही भोगावा लागतो; शिष्याला सूचना देण्यासाठी एक कान उघडा ठेवणाऱ्या प्रशिक्षकाचा धोका तर रोजचा असतो. दारूच्या पहिल्या काडतुसाआधीच ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणक्षमतेचा आलेख, काढून ठेवला तरच पुढची घट मोजता येते. ही तपासणी वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत होते.