बैलाला आवतण, सावकाराला टोमणा
पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळायचे आणि त्याला उद्याच्या जेवणाचं चक्क आवतण द्यायचं! यवतमाळकडचा हा मायेचा कारभार मला पुरणपोळीइतकाच आवडतो. (जास्त म्हणालो तर खोटं होईल.)

खरी गंमत पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली. बैलजोड्या रांगेत उभ्या राहिल्या की कोणीतरी झडती म्हणतो. यमक जुळवत सरकार, सावकार, कापसाचा भाव, कोणालाच सोडत नाही. शेवटी ‘हर हर महादेव’चा गजर, की दुसरा उत्तराला तयारच!

पोळा येतो त्याच श्रावणात बंजारा तांड्यांवर तीज. मुली टोपल्यांत गहू पेरून रोज पाणी घालतात. गोंड-कोलामांच्या गावांतही पोळ्याला बैल सजतात.

तुमच्या गावची एखादी झडती आठवते का? म्हणा ना!