रणगाड्याच्या मॉडेलवर गंज नेमका कुठे?

१:३५ प्रमाणाच्या मॉडेलवर १ मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरची खपली. नवशिक्यांचे रणगाडे भंगारातून आणल्यासारखे दिसतात ते यामुळेच. स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून कागदावर जवळपास कोरडा करायचा आणि झाकणांच्या कडांवर, सैनिकांचे पाय पडतात तिथेच हलके टेकवायचा.

उष्णतेने रंग जळतो, म्हणून सायलेन्सरवर गंज शोभतो. चालत्या रणगाड्याच्या पट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग मात्र चकाकतो. तिथे पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळली की झाले.

खरी गंमत बाजूला अडकवलेल्या फावड्या-टिकावांत. दांड्याला आधी फिकट वाळूचा रंग द्यायचा. तो वाळला की वर तपकिरी तैलरंगाचा पातळ हात, आणि हा ओला असतानाच कोरडा ब्रश दांड्याच्या लांबीने फिरवायचा. लाकडाच्या रेषा उमटतात. पण दुसऱ्या महायुद्धातल्या काही छायाचित्रांत ही अवजारेही गाडीच्याच रंगात माखलेली दिसतात. तेव्हा दांडा लाकडी रंगवण्याआधी त्या रणगाड्याचा जुना फोटो शोधलेला बरा.